सायकलने कोकण किनाऱ्यावरून गोवा: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी सायकलीची निवड आणि सामानाची तयारी

मांडवा किंवा अलिबागहून निघून मुरुड, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण आणि वेंगुर्ले असे टप्पे घेत तेरेखोलच्या खाडीपलीकडे गोव्यात उतरणारा किनारी रस्ता हा अनेक मराठी सायकलस्वारांचा पहिला लांब पल्ल्याचा प्रवास असतो. वाटेत कोणते फाटे घेता त्यानुसार अंतर ५०० ते ६०० किलोमीटर भरते आणि नवख्या माणसाने त्यासाठी आठ-नऊ दिवस हाताशी ठेवावेत. मी पहिल्यांदा निघालो तेव्हा दोन महिने याद्या करत होतो. सामान १७ किलो झाले आणि तरीही ज्या एका वस्तूवाचून अडले, ती त्यात नव्हती. त्यानंतरच्या फेऱ्यांत सामान कमी होत गेले. आता कोणतीही वस्तू घेताना मी दोनच प्रश्न विचारतो: ही बिघडली तर गुहागर किंवा देवगडच्या बाजारात दुरुस्त होईल का, आणि ती प्रत्येक चढावर ओढून नेण्याच्या लायकीची आहे का?

पुढचे सगळे सोबत मदतीची गाडी नसलेल्या आणि रात्री गावातल्या घरगुती निवासात उतरणाऱ्या प्रवाशासाठी लिहिले आहे. तंबू, चूल आणि झोपायची पिशवी या मार्गावर लागत नाही.

१. दुकानात जाण्याआधी रस्ता समजून घ्या

किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, ही पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे. या रस्त्याची रीत अशी की तो खाडीच्या काठावरून जांभ्याच्या सड्यावर चढतो, थोडा वेळ उघड्या कातळावरून उन्हात जातो आणि पुन्हा पुढच्या खाडीत उतरतो. एकेक चढ शंभर-दीडशे मीटर उंचीचाच असतो, परंतु तो तीव्र असतो आणि दिवसातून चार-पाच वेळा येतो. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड आणि तेरेखोल-केरी या फेरीबोटींमुळे खाडी ओलांडणे सोपे होते. मात्र बोटीतून उतरल्यावर पाय गरम व्हायच्या आतच चढ सुरू होतो. बोटींच्या वेळा आदल्या मुक्कामी विचारून घ्याव्यात.

निघायचा काळ नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा. दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा साधारणतः वायव्येचा असतो, म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्याला त्याची मदत होते. गोव्याहून उलट येण्याचा बेत असेल तर हे लक्षात ठेवा.

मुंबईकरांनी अटल सेतूचा विचार करू नये, कारण त्यावर सायकलीला परवानगी नाही. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला उतरणे हा सरळ मार्ग आहे. पुणेकरांना ताम्हिणी घाट उतरून माणगावमार्गे किनाऱ्याला लागता येते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही सायकलीला बंदी आहे.

२. सायकल कोणती?

नवी सायकल घेण्याआधी घरात आहे ती तपासा. पुढे शॉकअप नसलेली, सरळ दांड्याची, किंचित रुंद टायर बसणारी हायब्रिड सायकल या रस्त्याला सर्वांत योग्य ठरते. माउंटन बाइक असेल तरी चालते. तिचे गुठळ्यांचे टायर काढून गुळगुळीत टायर बसवा आणि पुढचा शॉकअप बंद करण्याची कळ असेल तर चढावर तो बंद ठेवा. मागेही शॉकअप असलेली सायकल मात्र घेऊ नका, कारण तिला कॅरियर नीट बसत नाही आणि प्रत्येक पॅडलमागे तुमची थोडी ताकद स्प्रिंग दाबण्यात वाया जाते. अरुंद टायरची रेसिंग सायकल डांबरी रस्त्यावर सुसाट पळते, पण सामान लादल्यावर आणि उखडलेल्या रस्त्यावर तिचा धीर सुटतो.

दुकानात तीन गोष्टी स्वतः वाकून पाहा. मागच्या चाकाच्या आसाजवळ आणि सीटखाली कॅरियरचे बोल्ट बसवायला आट्यांची छिद्रे आहेत का? फ्रेमवर बाटल्यांच्या किमान दोन जागा आहेत का? पाय दोन्ही बाजूंना जमिनीवर टेकवून उभे राहिल्यावर मधला दांडा आणि तुमच्या शरीरात दोन-तीन बोटे तरी मोकळी राहतात का? यातल्या एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल तर सवलत कितीही मोठी असो, ती सायकल तुमची नव्हे. विक्रेत्याकडे तुमच्या मापाची सायकल शिल्लक नसते तेव्हा ‘सीट वर-खाली करून बसेल’ असे हमखास सांगितले जाते. सीट वर-खाली होते, फ्रेमची लांबी नाही.

फ्रेम पोलादाची की अॅल्युमिनियमची, यावर तासन्तास वाद होतात. पोलादी फ्रेम मोडली तर तालुक्याच्या गावचा वेल्डिंगवाला ती जोडून देऊ शकतो, एवढा तिचा फायदा खरा आहे. पण आठ दिवसांच्या प्रवासासाठी केवळ त्याकरिता नवी सायकल घेण्याची गरज नाही. ब्रेकच्या बाबतीत माझा कल तारेवर चालणाऱ्या ब्रेककडे आहे, मग ते रिमवरचे असोत वा डिस्कचे. तेलावर चालणारे ब्रेक उत्तम लागतात, मात्र नळी गळली तर वाटेतल्या गावात इलाज नाही.

३. गियरचे गणित घरीच करून पाहा

‘२१ गियरची’ किंवा ‘२४ गियरची’ या आकड्यांना भुलू नका. चढावर कामाला येतो तो सर्वांत हलका गियर, आणि तो पुढच्या सर्वांत लहान चक्रीचे दात भागिले मागच्या सर्वांत मोठ्या चक्रीचे दात या हिशेबाने कळतो. सामानासह हा भागाकार १ किंवा त्याहून कमी असावा. समजा पुढे ३० आणि मागे ३२ दात आहेत, तर उत्तर सुमारे ०.९४ येते. ३५ मिलिमीटरच्या टायरसह पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळपास दोन मीटर पुढे सरकते आणि मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी सात किलोमीटरचा वेग राहतो. चढावर हाच वेग खरा असतो. तुमच्या सायकलीचा भागाकार १.३ किंवा १.४ येत असेल, तर मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा चक्र्यांचा संच, अधिक दातांची बसवता येईल का हे मेकॅनिकला विचारा. बदलताना मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, तेवढी मोठी चक्री पेलतो का आणि चेनची लांबी पुरते का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे लागते.

४. चाके, टायर आणि ट्यूब

पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथे करा. ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे, आत पंक्चररोधक थर असलेले टायर घ्या आणि निघण्याआधी महिनाभर वापरा. ३५ मिलिमीटरच्या टायरमध्ये सामानासह मागे ६० ते ६५ आणि पुढे ५० ते ५५ पीएसआय हवा मध्यम वजनाच्या माणसाला पुरते. टायरच्या कडेवर छापलेली मर्यादा ओलांडू नका.

आता सापळा. गावातल्या सायकल दुकानात ‘२८ चा टायर आहे’ असे ऐकून जीव भांड्यात पडतो, पण तो बहुधा दूधवाल्याच्या उंच काळ्या सायकलीचा असतो आणि त्याच्या बैठकीचा, म्हणजे टायर रिमवर जिथे बसतो तिथला, व्यास ६३५ मिलिमीटर असतो. हायब्रिडच्या ७००-सी चाकाचा हाच व्यास ६२२ मिलिमीटर आहे, काही टायरांवर तोही ‘२८’ म्हणूनच छापलेला असतो, आणि हे दोन टायर एकमेकांच्या जागी बसत नाहीत. म्हणून इंचांवर विश्वास न ठेवता तुमच्या टायरच्या कडेवरचा ‘३५-६२२’ असा जोडआकडा वहीत लिहून ठेवा. ट्यूबच्या व्हॉल्व्हचेही तसेच आहे. मोटारसायकलीसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर कोणत्याही पेट्रोल पंपावर हवा भरता येते. बारीक, टोकाला स्क्रू असलेला प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर सोबत हवाच. तो नखाएवढा असतो, म्हणून दोन घ्या आणि त्यातला एक व्हॉल्व्हवरच लावून ठेवा.

स्पोकविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण माझी पहिली सफर तिथेच अडली. भार मागच्या चाकावर येतो आणि स्पोक तुटतो तो बहुधा तिथेच, तोही चेनच्या बाजूचा. गुहागर सोडून वेळणेश्वरच्या अलीकडे माझा असाच एक स्पोक तुटला. जवळ तीन जादा स्पोक होते, पण ते तिन्ही पुढच्या चाकाच्या लांबीचे होते, कारण मी दुकानात ‘तीन स्पोक द्या’ एवढेच म्हटले होते. योग्य लांबीचा असता तरी उपयोग नव्हता. चेनच्या बाजूचा स्पोक घालायला आधी कॅसेट उतरवावी लागते आणि तिची चावी माझ्याकडे नव्हती. चाक ब्रेकला घासत होते, म्हणून ब्रेक सैल करून चालत निघालो आणि शेवटी सायकल टेम्पोत टाकून चिपळूण गाठले. अख्खा दिवस गेला.

तेव्हा मागच्या चाकाला किमान ३२ स्पोक असावेत, ३६ असतील तर उत्तम. निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी चांगल्या मेकॅनिककडून दोन्ही चाकांचे स्पोक सारख्या ताणावर आणून घ्या आणि शे-दोनशे किलोमीटर चालवून पुन्हा दाखवा. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या स्पोकची लांबी वेगळी असू शकते; प्रत्येक लांबीचे दोन-दोन स्पोक घेऊन फ्रेमच्या मागच्या दांड्याला चिकटपट्टीने बांधून ठेवावेत.

५. सीटची उंची आणि नवेपणाचा मोह

अनवाणी उभे राहून जांघेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा आणि त्याला ०.८८३ ने गुणा. ७८ सेंटिमीटर आले तर गुणाकार सुमारे ६९ सेंटिमीटर होतो. पॅडलचे दोन्ही दांडे ज्या आसावर फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत एवढी उंची ठेवून सुरुवात करा. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागच्या बाजूला दुखत असेल तर वर. एका वेळी अर्ध्या सेंटिमीटरहून अधिक बदल करू नका आणि ठरलेल्या उंचीवर मार्करने खूण करा.

मऊ जेलचे सीटकव्हर घेऊ नये. पहिल्या तासाला ते गादीसारखे वाटते, तिसऱ्या तासाला रुतून घासायला लागते. आणि निघण्याच्या आठवड्यात नवी सीट, नवे बूट किंवा नवी शॉर्ट घेणे हा स्वतःवर ओढवून घेतलेला छळ आहे.

६. सामान कशात आणि कुठे लादायचे?

पाठीवर सॅक घेऊ नका. दमट हवेत पाठ घामाने भिजते, आणि सगळे वजन शेवटी बसण्याच्या हाडांवर येते. कॅरियरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पॅनियरच्या जोडीत सगळे मावले पाहिजे. पुढे हँडलवर एक लहान पिशवी पैसे, फोन आणि खाऊसाठी ठेवा. पाण्यासह नव्हे, पण पिशव्यांसह एकूण वजन १० किलोच्या आत ठेवा. ते त्याहून वाढले तर सगळे सामान जमिनीवर मांडून कपड्यांपासून कपातीला सुरुवात करा, हत्यारांपासून नव्हे.

कॅरियर विकत घेताना त्यावर कोरलेली भारमर्यादा वाचा. २५ किलोची असेल तर चिंता नाही. बहुतेक कॅरियर पाच मिलिमीटरच्या बोल्टवर उभे असतात आणि खडबडीत रस्त्याच्या हादऱ्यांनी ते हळूहळू सैल होतात. रोज सकाळी निघण्यापूर्वी चारही बोल्टांना चावी लावून पाहा आणि तसेच तीन-चार बोल्ट जवळ बाळगा. पॅनियर बसवल्यावर पॅडल मारून टाच पिशवीला लागत नाही ना हे पाहा. लागत असेल तर पिशवी मागे सरकवा. जड वस्तू तळाशी, दोन्ही बाजू समान. कॅरियरच्या वर बांधलेल्या रबरी दोरीचे मोकळे टोक चाकात गेले तर चाक तिथेच अडकते, म्हणून लोंबणारे प्रत्येक टोक आत खोचा. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेल्या पिशवीतही कपडे जाड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळूनच भरा.

७. हत्यारे आणि सुटे भाग

ही यादी मी कमी करत कमी करत इथवर आणली आहे. यातले काही गाळू नका:

- तुमच्या मापाच्या दोन ट्यूब, पंक्चरचे ठिगळ, सोल्युशन आणि घासायला पॉलिशपेपर. टायर उचलायचे प्लास्टिकचे दोन-तीन लिव्हर. हातपंप आणि व्हॉल्व्हचे अडॅप्टर
- ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या अॅलन चाव्या, स्क्रूड्रायव्हर आणि चेन तोडायचे साधन असलेले मल्टिटूल
- तुमच्या चेनला चालणाऱ्या दोन क्विकलिंक; मागे आठ, नऊ आणि दहा चक्र्या असलेल्या सायकलींच्या चेनच्या कड्या एकमेकांत चालत नाहीत
- स्पोकची चावी, वर सांगितलेले स्पोक आणि कॅसेट उतरवायची चावी
- मागच्या ब्रेकची आणि मागच्या गियरची एकेक तार, ब्रेक पॅडची एक जोडी
- डिरेलर हँगर, म्हणजे मागचा डिरेलर ज्या लहानशा धातूच्या तुकड्यावर टांगलेला असतो तो
- चेनचे तेल, जुने फडके, झिपटाय, इन्सुलेशन टेप

हँगर प्रत्येक सायकलीच्या मॉडेलनुसार वेगळा असतो आणि कोकणातच काय, पुण्या-मुंबईतही हातोहात मिळेल याची खात्री नसते. सायकल उजव्या कुशीवर आपटली की तो वाकतो. म्हणून सायकल भिंतीला टेकवताना किंवा आडवी ठेवताना चेनची बाजू नेहमी मोकळी किंवा वर राहील असे पाहा.

कॅसेट उतरवायच्या चावीसोबत कॅसेट धरून ठेवणारी चेनची पट्टी आणि मोठा पानाही लागतो, पण ती वजने वाहायची गरज नाही. मोठा पाना कोणत्याही गॅरेजमध्ये असतो, आणि जुन्या चेनचा तुकडा गुंडाळून चक्री धरता येते. तुमच्याकडची चावी तेवढी त्यांच्याकडे नसते.

हत्यारे असणे आणि वापरता येणे यांत फरक आहे. घरी बसून मागचे चाक काढून पुन्हा बसवणे, ट्यूब बदलणे, पंक्चर काढणे आणि चेन जोडणे ही चार कामे प्रत्येकी तीन वेळा करा. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा किंवा काच शोधायची असते. ती न शोधता घातलेली ट्यूब शंभर मीटरवर बसते.

८. अंगावरचे कपडे, दिवे आणि पाणी

पॅड असलेल्या सायकलिंगच्या दोन शॉर्ट पुरतात: एक अंगावर, एक वाळत. त्यांच्या आत अंतर्वस्त्र घालायचे नसते, हे कोणी सांगत नाही आणि दुसऱ्या दिवशी शिवणींच्या जागी कातडी सोलून निघाल्यावर कळते. जिथे घासते तिथे सकाळी व्हॅसलिन लावावे. लवकर वाळणारे पूर्ण बाह्यांचे दोन टीशर्ट, हातमोजे, हेल्मेट, गॉगल आणि संध्याकाळी घालायला एक साधा जोड एवढे पुष्कळ झाले. सुती कपडे दमट हवेत रात्रभर ओलेच राहतात. फेरीबोटीचा धक्का आणि वाळू यांचा विचार करता मी बुटांऐवजी पुढून बंद असलेल्या सँडल वापरतो.

रात्री सायकल चालवू नका, तरी दिवे न्या: मागे लाल, पुढे पांढरा. दाट झाडीतल्या वळणावर दिवसाही मागचा दिवा लावलेला बरा. पाण्याच्या दोन बाटल्या फ्रेमवर आणि एक लिटरची जादा बाटली पॅनियरमध्ये असावी, कारण सड्यावर सावलीही नसते आणि दुकानही. ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिले असेल तेवढ्या पूर्ण पाण्यातच घालायची असते. अर्ध्या बाटलीत घालून अधिक ‘कडक’ करू नये.

९. कागदपत्रे, पैसे आणि फोन

- आधार किंवा अन्य सरकारी ओळखपत्र, मूळ आणि एक छायाप्रत, निवासात मागतात
- सायकल खरेदीच्या पावतीची प्रत आणि फ्रेमखाली कोरलेल्या क्रमांकाचा फोटो
- रक्तगट, चालू औषधे, ॲलर्जी आणि घरच्या दोन व्यक्तींचे क्रमांक लिहिलेली चिठ्ठी, हेल्मेटच्या आत चिकटवलेली
- आरोग्य विम्याच्या कार्डाची प्रत

खाडीकाठच्या काही गावांत फोनला रेंज नसते आणि रेंज नाही तिथे क्यूआर कोड निरुपयोगी, म्हणून दोन दिवसांचा खर्च भागेल एवढी रोकड सुट्या नोटांत ठेवा. मार्गाचा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या. १०,००० एमएएचची एक पॉवरबँक पुरते.

१०. भारासह चाचणी

शरीराची तयारी आठ आठवड्यांत होते. परंतु सामान न लादलेल्या सायकलीवर १०० किलोमीटर केले म्हणजे तयारी झाली, हा गैरसमज आहे. निघण्याच्या तीन आठवडे आधी तेच सामान त्याच पिशव्यांत भरून सलग दोन दिवस रोज ६० ते ७० किलोमीटर जा, आणि वाटेत एक खरा चढ घ्या. पुणेकरांना बोपदेव घाट पुरेसा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सीटवर बसताना कसे वाटते, यावरून बरेच कळते. या फेरीत कॅरियर कुरकुरते का, कोणता गियर निसटतो, उतारावर हँडल थरथरते का हे पाहा. हँडल थरथरत असेल तर बहुधा पिशव्या सैल आहेत किंवा सगळे वजन मागे गेले आहे. घरी आल्यावर जी वस्तू दोन दिवसांत पिशवीतून बाहेरच आली नाही ती काढून टाका. हत्यारे, औषधे आणि पावसाचे जाकीट एवढाच याला अपवाद.

११. परतीची सोय निघण्याआधीच ठरवा

गोव्याहून परत येताना सायकल रेल्वेने आणायची असेल तर मडगावहून आणा. लहान स्थानकांवर गाडी जेमतेम दोन मिनिटे थांबते आणि तेवढ्यात सामानाच्या डब्यात सायकल चढेल याचा भरवसा नसतो. पार्सल कार्यालयात गाडीच्या वेळेआधी निदान दोन तास पोहोचा. तिकीट, ओळखपत्र आणि सायकलीची पावती जवळ ठेवा. दिवे, पंप, बाटल्या आणि पिशव्या काढून स्वतःजवळ घ्या, आणि नाव, फोन व उतरण्याचे स्थानक लिहिलेले पुठ्ठ्याचे लेबल दोन ठिकाणी बांधा.

खासगी बसने यायचे असेल तर तिकीट काढण्यापूर्वीच सायकलीचे विचारून भाडे ठरवून घ्या. बस सुटताना ठरवले तर ते दुप्पट होते. डिकीत ठेवण्यासाठी पुढचे चाक काढावे लागते. तेलावरचे डिस्क ब्रेक असतील तर चाक काढल्यावर दोन पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठ्याची घडी सरकवा, कारण प्रवासात कशाने तरी लिव्हर दाबला गेला की पॅड एकमेकांना चिकटतात आणि घरी पोहोचल्यावर चाक आत जात नाही. पॅडलही काढायचे असेल तर डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा. बस सुटायला पाच मिनिटे असताना ते भलत्याच दिशेने आवळत बसलेला माणूस मी पाहिला आहे, आणि तो मीच होतो.